टिरेटा बाजारातून, अविनाशला

कोलकाता,
रविवार, दुपार

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. आज मात्र सकाळी टिरेटा बाजारात, म्हणजे इथल्या जुन्या चिनी वस्तीत, जाऊन आलो आणि घरी येताच कागद ओढला. तुला सांगितल्याशिवाय आजचा दिवस पुरा व्हायचा नाही.

पहाटे साडेपाचला टॅक्सी केली आणि पोद्दार कोर्ट नावाच्या इमारतीशी उतरलो. इथला बाजार उजाडताना भरतो आणि आठ-साडेआठला उठतोही. रस्त्याच्या कडेला अॅल्युमिनियमची उभी भांडी, त्यांतून वाफेचे लोट. पहिल्यांदा माशाच्या गोळ्यांचं सूप घेतलं. पाणीदार, पांढरं, वर कांद्याची हिरवी पात. मग शुमाई, म्हणजे सारण भरून वाफवलेली पुडी. त्याच्या कडेच्या चुण्या बघून आईच्या हातच्या मोदकांच्या कळ्या आठवल्या. मग बाओ, म्हणजे डुकराचं मांस भरलेला गुबगुबीत वाफवलेला पाव. एका टोपलीत पानात बांधून उकडलेला चिकट भात होता. दोरा सोडून पान उलगडलं आणि जो वास आला, तो थेट आपल्या पातोळ्यांच्या घराण्यातला. पान वेगळं, आत सारण मांसाचं, पण पानात बांधून उकडायचं हे दोन्हीकडच्या बायकांना सुचलंच ना! शेवटी तिळात घोळवून तळलेला गोड गोळा खाल्ला.

चहा मात्र कोपऱ्यावर मिळतो तो आपलाच, दूध-साखरेचा, मातीच्या कुल्हडातून. विकणाऱ्यांतही आता चिनी चेहरे थोडेच उरलेत. बंगाली आणि बिहारी माणसंच जास्त. शिल्लक आहेत त्या बहुतेक वयस्क बायका, घरून करून आणलेलं विकणाऱ्या.

त्यांतल्याच एका आजींनी मला खऱ्या चहाला बोलावलं. तीन रविवार त्यांच्याकडचाच बाओ घेतोय, एवढीच आमची ओळख. गल्लीतलं जुनं घर, अंधारा जिना, देव्हाऱ्यात लाल दिवा. किटलीत मोगऱ्याच्या वासाची हिरवी पत्ती, वर गरम पाणी, आणि आपल्या वाटीहूनही लहान बिनकानाचे पेले. साखर नाही, दूध नाही. पहिला घोट कडवट लागला, तिसऱ्या पेल्याला जीभ गोड झाली. तीच पत्ती त्यांनी चार वेळा पाणी घालून वापरली. त्या अस्खलित बंगालीत बोलत होत्या. चहाला त्यांच्या घरच्या भाषेत ‘छा’ म्हणतात, बंगालीत ‘चा’ आणि आपण ‘चहा’. आपण रोज सकाळी उठून एक चिनी शब्द उच्चारतो, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं.

या वस्तीची कथाही चहापासूनच सांगतात. १७७८ च्या सुमारास तोंग अछ्यू नावाचा एक व्यापारी इथे आला. दंतकथा अशी की, त्याने वॉरन हेस्टिंग्जला चहा भेट दिला आणि बदल्यात घोड्यावरून दिवसभरात जेवढी जमीन फिरता येईल तेवढी मिळवली. कागदोपत्री दिसतं ते एवढंच की, बजबजजवळ हुगळीच्या काठी त्याला जमीन मिळाली आणि तिथे त्याने उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना काढला. चिनी कामगार आणले, आणि तेच त्याच्याकडून पळून कलकत्त्यात येऊ लागले, म्हणून त्याने कंपनी सरकारकडे तक्रारही केली. मला वाटतं, ही वस्ती अछ्यूपेक्षा त्या पळून आलेल्यांची जास्त आहे. तो १७८३ मध्ये वारला. गावाला अजून त्याचं नाव आहे, अछिपूर. नदीकाठी घोड्याच्या नालेच्या आकाराची त्याची लाल समाधी आहे, आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्याची चिनी कुटुंबं तिथे जाऊन उदबत्त्या लावतात.

पुढे चीनमधून कँटनकडचे सुतार आले, हाक्का नावाच्या चिनी समाजाचे लोक आले ते जोडे शिवणारे आणि कातडं कमावणारे, हुपेकडचे दातांचे वैद्य आले. जोड्यांची दुकानं थाटली ती बेंटिंक स्ट्रीटवर. ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्याच गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३४ मध्ये हिंदुस्थानात चहा पिकवता येईल का हे पाहायला समिती नेमली आणि चीनमधून बियाणं आणि जाणती माणसं आणायला माणूस धाडला. आसामच्या मळ्यांत पत्ती कशी भाजायची, कशी वळायची, हे सुरुवातीला चिनी कारागिरांनी दाखवलं. तुझ्या टपरीवरच्या कटिंगची पाळंमुळं तिथवर जातात.

इथल्या चिनी देवळांना सगळे ‘चर्च’ म्हणतात! छातावाला गल्लीतलं सी इप चर्च १९०५ चं. वर करुणेची देवी क्वान यिन, उदबत्त्यांनी काळवंडलेलं लाकूडकाम, आणि खाली रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या. पलीकडच्या तूंग ऑन चर्चच्या तळमजल्यावर एके काळी ‘नानकिंग’ नावाचं नामांकित हॉटेल होतं. आज ती विटांची देखणी इमारत बघताना वाईट वाटतं.

आणि वाईट वाटण्याजोगं याहून मोठं आहे. १९६२ चं युद्ध आपण शाळेत शिकलो, पण त्या नोव्हेंबरात आपल्याच देशातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना घरातून उचलून आगगाडीने राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं, हे कुणी शिकवलं नाही. मुलं, म्हातारी, गरोदर बायका. बरेचसे आसाम आणि दार्जिलिंगकडचे. काहींना सुटायला पाच वर्षं लागली, आणि परतले तेव्हा घर-दुकान लिलावात गेलेलं. आजींच्या घरच्यांना नेलं नाही, पण वडिलांना ठाण्यावर हजेरी द्यावी लागे आणि गावाबाहेर जायचं तर परवानगी. हे सांगताना त्यांनी माझा पेला भरला आणि वर पाहिलं नाही. त्यांची मुलं आता टोरोंटोत आहेत. इथून गेलेले किती तरी हाक्का तिथेच आहेत, आणि तिथेही हाक्का नूडल्सच विकतात.

टांग्रा या इथल्या दुसऱ्या चिनी वस्तीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुला स्वतःलाच न्यायचंय. हाक्का लोकांचे कातड्याचे कारखाने तिथे होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शहराबाहेर हलवायला सांगितलं, आणि आता कारखान्यांच्या जागी हॉटेलं आहेत. एक चिनी कालीमंदिर आहे, तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य असतो. मी तो प्रसाद दोन्ही हातांनी घेतला.

अवि, कॉलेजच्या मागची ती लाल गाडी आठवते? महिनाअखेरीला पैसे गोळा करून एक प्लेट मंचुरियन चौघांत खायचो, आणि चीनमध्ये लोक हेच खातात असं समजायचो. मंचुरियन केलं ते नेल्सन वांग यांनी, १९७५ मध्ये, मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. आणि वांग जन्मले कुठे? याच शहरात, कलकत्त्यात. म्हणजे आपली भूक भागवणारी ती प्लेट याच लोकांकडून आपल्यापर्यंत आली होती, आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नव्हता. आज हे आजींना सांगितलं, तर त्या खूप वेळ हसल्या आणि म्हणाल्या, मित्राला घेऊन ये.

तेव्हा फेब्रुवारीत ये. अछिपूरला जाऊ. सोबत मोगऱ्याचा चहा आणि पौ चाँगच्या हिरव्या मिरचीच्या सॉसची बाटली पाठवतोय. बाटली कागदात नीट गुंडाळली आहे, तरी पार्सल जपून उघड. चहाचं पाणी उकळलं की गॅस बंद कर, मिनिटभर थांब, मगच पत्तीवर ओत. वहिनींना सांग, दूध घालायचं नाही. पहिल्या पाण्यानंतर पत्ती टाकू नकोस.

तुझा,
श्रीकांत