सूचना : कॅमेऱ्याची जुनी लेन्स घेताना आधी बुरशी पाहा
राजेहो, पावसाळा लागला, ताडोबाचा कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद झाला आणि ग्रुपवर जुन्या लेन्स विकायला येऊन राहिल्या. घ्या, पण नुसता फोटो पाहून ॲडव्हान्स पाठवू नका.

लेन्स हातात आली की दोन्ही कॅप काढा, अपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा न मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं तिरपा मारून दुसऱ्या बाजूनं पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सगळी काच धुरकट दिसली तर हेझ, म्हणजे काचेवरचा धूसरपणा. थोडी धूळ असली तर चालते, फोटोत फरक पडत नाही. पण बुरशी काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग खाते, साफ केल्यावरही डाग राहू शकतो, आतल्या काचेवर असली तर लेन्स खोलावी लागते, म्हणून "थोडीशीच आहे जी" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

घरी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) न ओलावा मोजायचा एक छोटा हायग्रोमीटर, डब्यात ओलावा ४० ते ५० टक्के पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. तांदळात तर अजिबात नको, भुकटी आत जाते. शंका असलेली लेन्स वेगळ्या डब्यात.

विकणाऱ्यांनी टॉर्च मारलेला व्हिडिओ टाकायचाच, नाहीतर पोस्ट काढल्या जाईल.