ओल्या फडक्याने पूस

कोल्हापूर, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

महालक्ष्मी एक्सप्रेस वेळेत पोचली. प्रदर्शनात मी नीट बोललोच नाही. तुझे सर ‘पोरीने नाव काढलं’ म्हणाले तेव्हा घसा दाटला आणि मी पाणी प्यायला बाहेर गेलो. बाबांना आवडलं नाही असं वाटून घेऊ नकोस.

कोपऱ्यातल्या त्या दोन भागांच्या पेट्या म्हणजे आमच्या फाउंड्रीतले वाळूच्या साच्यांचे मोल्डिंग बॉक्सच की गं! एकीच्या तळाशी ग्लेझच्या काचेसारख्या थराखाली तुझा अंगठा उमटलाय. आम्ही असला डाग ग्राइंडरने घासून काढला असता. तू ठेवलास. मी तिथेच सगळ्यांत जास्त वेळ उभा होतो. तुझी भट्टी 1240 अंशांवर जाते. आम्ही लोखंड 1400 च्या आसपास ओतायचो. फार लांब गेली नाहीस तू.

पण परवा स्टुडिओत ‘एवढं फेटलिंग आटपते’ म्हणत तू सुकलेल्या भांड्याची कड खरवडायला बसलीस. तोंडाला काही नाही. खिडकीतल्या उन्हात पांढरी भुकटी तरंगत होती. वर कोरडा झाडू मारलास. हा शब्द मी 34 वर्षं ऐकलाय, मनू. आमचे दत्तूकाका फेटलिंगलाच होते, ओतलेल्या लोखंडाच्या कडा घासायला.

हे लिहायचं नव्हतं. मामा विचारत होता, मडकी करून पोट भरतं का? भाईंदरच्या ब्रह्मदेव पंडितांना 2013 साली मातीकामासाठीच पद्मश्री मिळाली, असं त्याला सुनावलं. पैशाची मला खरंच काळजी नाही. भट्टीचा पुढचा हप्ता मी भरतो.

काळजी धुळीची आहे. आमच्या वाळूत, तुमच्या मातीत, ग्लेझच्या क्वार्ट्‌झमध्ये सिलिका तीच. ओली असेतोवर गुमान असते. सुकून उडाली की डोळ्यांना न दिसणारा कणच छातीत खोल जाऊन बसतो. खोकला कैक वर्षांनी येतो आणि गेलेलं फुप्फुस कुठल्या औषधाने परत येत नाही. कड साफ करायची ती माती जरा ओलसर असतानाच कर. एन-95 लाव, रुमालाने भागत नाही. भांड्यांवर, फरशीवर... बघ, लागलो सुपरवायझरसारखा बोलायला. माफ कर. चार वर्षं हेच शिकलेल्या पोरीला मी काय सांगणार.

बेंदराला कुंभार गल्लीतून बैल आणायचे, तर तू हट्टाने स्वतः केलास. वाळताना शिंग निखळलं. रडत बसलीस. दत्तूकाकांनी मांडीवर घेऊन दाखवलं, दोन्ही तोंडं ओली कर, ओरखडे पाड, मगच सांधतं. तेव्हा ते आपला जिना एका दमात चढायचे.

मंगळवारी बापू मुंबईला येतोय. त्याच्याकडे मास्कचं खोकं आणि आईचे डिंकाचे लाडू देतोय. तो झाडू टाकून दे.

तुझा,
बाबा

ता.क. ती अंगठ्याची पेटी कुणी घेतली नसेल तर माझ्यासाठी ठेव. पॅक करताना ओल्या फडक्याने पूस.