बीमलाइनवरच्या मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या बीमलाइनवर, म्हणजे न्यूट्रॉनचा झोत (बीम) सोडून वस्तूच्या आतलं चित्र घेण्याच्या जागी, ब्राँझच्या बंद मूर्तीचं पोट न फोडता पाहता आलं, त्याबद्दल आमच्या गटातर्फे मनापासून आभार. त्यातही बीम सुरू होण्याआधी तुम्ही जे करून घेतलंत, त्याचे जास्त.

मिश्रधातूचे घटक कळल्याशिवाय बीमचा वेळ द्यायचा नाही, हा तुमचा हट्ट योग्यच होता. न्यूट्रॉनच्या माऱ्याने तयार होणाऱ्या किरणोत्सारी तांबे-६४चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) १२.७ तास, ते काही दिवसांत विझतं. पण धातूत चांदीचा किंवा कोबाल्टचा अंश असेल, तर किरणोत्सारी चांदी-११०एम सुमारे २५० दिवसांच्या अर्धायुष्याने रेंगाळते, आणि कोबाल्ट-६० तर ५.२७ वर्षांच्या. वस्तू संग्रहालयात कधी परतणार, हे या चिमूटभर अंशांवरच ठरतं.

मूर्ती फोम आणि चिकटपट्टीने बसवू न देता अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायला लावलीत. फोम आणि चिकटपट्टीत हायड्रोजन असतो, आणि तो न्यूट्रॉनना भलताच अडवतो. चिकटपट्टीची सावली आतल्या मातीच्या गाभ्यातला वेगळाच पदार्थ म्हणून वाचली गेली असती. जुन्या डागडुजीतलं राळेचं लुकण त्याच गुणामुळे उठून दिसलं, ही मात्र फायद्याची बाजू.

अंतराचा हिशेबही तुमचाच. एल/डी (बीमच्या छिद्रापासूनचं अंतर भागिले छिद्राची रुंदी) ४०० असताना वस्तू सिंटिलेटरपासून, म्हणजे न्यूट्रॉन पडताच चमकणाऱ्या पडद्यापासून, ४ सेंमी मागे गेली की ०.१ मिमी धूसरता येते. म्हणून जवळ आणायचा मोह होतो. पण फार जवळ आणली की गाभ्यातून विखुरलेले न्यूट्रॉनही चित्रात घुसतात आणि जाड भाग खोटाच पातळ भासतो. बोरॉनच्या ठिपक्यांची जाळी लावून ती विखुरण वजा करणं हा त्यावरचा खरा उपाय. ३ सेंमी तांब्यातून जेमतेम ५ टक्के न्यूट्रॉन पार होतात, तिथे ही वजाबाकी टाळून चालतच नाही.

विवर्तनात, म्हणजे धातूच्या स्फटिकांवरून वळलेले न्यूट्रॉन मोजण्यात, तर तुम्ही आम्हाला वाचवलंत. २ मिमी बाजूचा मापन-घन (जेवढ्या जागेतून मोजणी होते तो भाग) पृष्ठभागाबाहेर अर्धवट निघाला की आलेखातलं शिखर सरकतं, आणि कथिलाचं प्रमाण बदलल्याचा भास होतो. आधी पृष्ठभागाची जागा शोधणारं स्कॅन घ्यायचं, मगच मोजायचं. रुंद शिखर दिसलं म्हणून लगेच 'ठोकून घडवलेलं' म्हणायचं नाही, हेही तुमचंच. ओतकामात कथिल असमान गोठलं तरी शिखर रुंदावतं.

उघड्या बीमच्या (वस्तू नसतानाच्या) आणि अंधाऱ्या (बीम बंद असतानाच्या) चौकटी मूळ मोजणीसोबतच जपून ठेवल्या आहेत; कुणालाही गणित पुन्हा करून पाहता येईल.

आपले कृतज्ञ,
मूर्ती-अभ्यास गट