सांताने काय आणले, हे विचारू नका

महोदय,

नाताळ जवळ आला की ठाण्यातल्या शाळांत लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या आणि ‘सांताला पत्र’ सुरू होते. त्याला माझा विरोध नाही. आपल्या शहरात मासुंदा तलावाजवळ जुने चर्च आहे, बेने इस्रायली या मराठी ज्यूंचे सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, राबोडीत मशीद आहे. तिथली मुले एकाच बाकावर बसतात. पंचाईत होते ती सुट्टीनंतर, बाई वर्गात ‘सांताने काय काय आणलं?’ असे विचारतात तेव्हा. माझ्या नातीच्या वर्गात, दुसरीत, एका मुस्लिम मुलाने ‘रिमोटची गाडी’ असे ठोकून दिले. शेजारचा ‘उद्या आणून दाखव’ म्हणाला, तसा बिचारा रडवेला झाला. दुसऱ्या एकीने ‘सांता-बिंता कोणी नसतो, बाबाच आणतात’ असे जाहीर करताच निम्म्या वर्गाने भोकाड पसरले. ओरडा मात्र तिला बसला, तोही खरे बोलल्याबद्दल!

गंमत म्हणजे आमच्या शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबात नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिसा (प्रार्थना), येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी आणि कुलकुल हा गोड खाऊ. सांताचे त्यांना फारसे अप्रूप नाही. शाळेने सांता गोष्ट म्हणून जरूर सांगावा. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते, त्यांच्यावरूनच सांता आला, हे नकाशावर दाखवले तर मुले रमतील. पत्र ज्याला लिहायचे त्याने लिहावे. आणि खाऊ वाटायचाच तर शाळेतच, सगळ्यांना सारखा.

– एक आजोबा, नौपाडा, ठाणे