उस्ताद, अण्णांचा हात टाकीवर ठेवलात त्याबद्दल

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, त्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवायचं. मध्येच "बस कर" म्हणालात तरी थांबायचं नाही. नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो.

तुमच्या शेडपर्यंत मी कसा पोचलो ते तुम्ही कधी विचारलं नाही. माझ्या वडिलांची, अण्णांची, जुनी जावा मोटारसायकल घेऊन तीन दारं हिंडून आलो होतो. पहिल्या मिस्त्रीच्या पोरानं पंधरा मिनिटं जावाची किक शोधली. गिअरचाच दांडा आत दाबून उभा फिरवला की किक होते, हे अण्णांनी जाऊन दाखवलं, तेव्हा तो उलट आमच्यावरच हसला. दुसऱ्यानं धूर बघितला आणि विचार न करता सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकला. धूर होता तेवढाच. तिसरं गॅरेज मोठ्या शहरातलं, काचेचं दार, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो. तिथं गाडी पाच महिने पडून होती. शेवटी साहेब म्हणाले, "इंजिन नंतरचं आहे, गाडी भेसळ आहे. ओरिजिनल इंजिन शोधा, नाहीतर भंगारात घाला." आणि गाडी परत आली तेव्हा अण्णांनी जिवापाड जपलेला जिकॉव्ह कंपनीचा कार्ब्युरेटर गायब, जागी कुठलातरी लोकल बसवलेला. विचारलं तर म्हणे, "तोच होता." अण्णा ८१ वर्षांचे आहेत, पण एवढंही ओळखू येणार नाही?

भेसळ हा शब्द मला फार लागला, उस्ताद. गाडी १९६७ ची, म्हैसूरच्या आयडियल जावात बनलेली. अण्णांनी ती १९७४ साली जुनीच घेतली. राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी नुकतीच सुरू झाली होती, अण्णा कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. मानवत, सेलू, पाथरी, सोनपेठ, हंगामात रोज एका केंद्रावरून दुसऱ्या. आई सांगते, रात्री गाडी आली की अंगणात आधी रुईचे पुंजके उडायचे, मग अण्णा दिसायचे. १९८६ ला एका मित्रानं नुसतं पेट्रोल भरून आणलं, ऑइल मिसळायचं विसरला. टू-स्ट्रोक इंजिनाला असं पेट्रोल म्हणजे विषच. गंगाखेडच्या रस्त्यावर पिस्टन जाम झाला आणि कनेक्टिंग रॉड क्रँकसकट गेला. मग अण्णांनी एका अपघात झालेल्या येझदीचं इंजिन घेऊन बसवलं, आरसी बुकात त्याचा नंबर रीतसर चढवून घेतला. जावाच्या चौकटीत येझदी बसायला परकी थोडीच आहे? एकाच कारखान्यातली धाकटी बहीण ती. आणि शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांना सांगा, जावा हे नावच जोडकाम आहे. यानेचेक नावाच्या चेक माणसानं वाँडरर कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडली. म्हणजे पाळण्यातच कलम झालेलं! त्यावर आमच्या गाडीला नावं ठेवायची.

तुमच्याकडे आणली तेव्हा तुम्ही इंजिनाचा नंबरही बघितला नाही. गाडी चालू केली, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं, काळं तेल दोन बोटांत चोळलं आणि वास घेतला. मग म्हणालात, "पेट्रोल का धुआं नहीं है ये, गिअर ऑइल जल रहा है." गिअरबॉक्सचं तेल मापलं तर खरंच निम्मं. क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील वाळून कडक झालेलं, त्यातून इंजिन गिअरचं तेल ओढत होतं. १५ वर्षं गोठ्यात उभी राहिलेली गाडी, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. रबराचं काय होणार? नव्या पिस्टनचे पैसे पाण्यात गेले, हे तुम्ही तोंडानं बोलला नाहीत. जुन्या मिस्त्रीला नावं ठेवायची सोन्यासारखी संधी तुम्ही सोडलीत, आणि ते काम मला असं जाहीर करावं लागतंय.

बाकी दुरुस्तीचं सांगत बसत नाही. ती तुम्ही केलीत, मी नुसता चहा आणत होतो. मला त्या शनिवारी संध्याकाळचं लिहायचं आहे.

तुम्ही किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी धरली. मी ओरडलो, पोरं ओरडली, शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. अण्णा स्टुलावर बसून शांतपणे सगळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "झाली का रे चालू?"

एक पोरगं फसकन हसलं. ३० वर्षं जिनिंगच्या खडखडाटात अण्णांचे कान गेलेत. कानाचं मशीन लावून दिलंय, पण ते खिशातच असतं. खरं सांगू का, मलासुद्धा त्या क्षणी लाज वाटली. अण्णांची नाही, त्या प्रश्नाची. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडणार होतो.

तुम्ही मला हातानंच थांबवलंत. चिंध्यांच्या डब्यातली एक चिंधी घेऊन हात पुसले, मग दुसरी, जरा स्वच्छ, घेऊन परत पुसले. अण्णांना उठवलंत, त्यांचा उजवा हात धरलात आणि पंजा टाकीवर ठेवलात. वर तुमचा हात.

अण्णांचं तोंड मी बघत होतो. आधी काहीच नाही. मग त्यांची बोटं जरा उघडली, मग टाकीवर पसरली. कपाशी बघताना ते असंच करायचे. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची, डोळे भलतीकडे, धाग्याची लांबी बोटांना कळायची. तुम्ही तोवर कार्ब्युरेटरपाशी बसला होतात, स्क्रू ड्रायव्हर लावून अण्णांकडे मान वर करून. अण्णांनी डाव्या हाताची दोन बोटं फिरवली, अजून आत. तुम्ही फिरवलं. गाडी जरा दबली. अण्णांनी मान हलवली, बोटं उलटी फिरवली. स्क्रू पाव आटा मागं. परत थोडं. मग त्यांनी पंजा तसाच सपाट ठेवला आणि डोळे मिटले, आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर काढून घेतलात.

इंजिन खरंच एका लयीत चालत होतं. ते तुम्हाला कानांनी आधीच कळलं असणार. तुम्ही स्वतः दहा सेकंदांत लावली असती गाडी. चार-पाच मिनिटं गेली, दुसरी दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती, एक तर चिडून निघून गेला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही.

माणुसकीला काही मोठं लागत नाही असं आपण ऐकतो, आणि मग तसं वागणारा माणूस वर्षात एकदा भेटतो. धावत येणाऱ्या म्हातारीसाठी घंटी न मारता थांबणारा कंडक्टर, "हे औषध महाग आहे, स्वस्तातलं देऊ का" म्हणणारा मेडिकलवाला. मोजून बघा, हातावर मोजता येतात. काचेच्या दारामागं मला असा एकही दिसला नाही.

मजुरी तुम्ही १,८०० सांगितलीत. आधीच्या तिघांत मिळून माझे ३१,००० गेले होते, त्यामुळे मी नोटा दोनदा मोजल्या, चूक तुमचीच होत असेल म्हणून. वरून जुनं सील पेपरात गुंडाळून परत दिलंत, काय काढलं ते घरच्यांना दिसावं म्हणून. ते अण्णांच्या उशाखाली आहे. आई ओरडते, चादरीला तेल लागतं.

गाडी अण्णा चालवत नाहीत, गुडघे ऐकत नाहीत. रोज सकाळी मी अंगणात चालू करतो, ते हात ठेवून बसतात. काल त्यांनी तक्रार केली. आता ज्वारी पोटऱ्यात आली आहे, पौषात हुरड्याला या, भाभींना आणि नातवाला घेऊन. येताना तो स्क्रू ड्रायव्हर आणा. अण्णा म्हणतात, थंडी पडली, पाव आटा आत घ्यावा लागेल, आणि माझ्या हातून ते होणार नाही.

तुमचा,
मानवतचा बियाणंवाला