दुसरी सही

१२ सप्टेंबर २०२०

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज चार दिवसांपूर्वीच आला. फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं, म्हणून पत्र लिहायला बसले. "मुलंच नव्हती, तर तुम्ही सहा जणं तिथे करत तरी काय होता?" असं तू विचारलंस. प्रश्न रागाचा आहे, ते कळलं मला. सात उन्हाळे तू इथे शिबिरार्थी म्हणून आलीस. यंदा पहिल्यांदा ताई होऊन गट सांभाळणार होतीस, आणि कोरोनामुळे आम्ही शिबिरच रद्द केलं. मागच्या महिन्यात घरी आले तेव्हा तुझ्या टेबलावर नवी शिट्टी दिसली, वेष्टनही न काढलेली. गलबलून आलं.

पण तू विचारलंच आहेस, तर सांगते.

मुलं नसली की न्हाणीघरांच्या पाइपांत पाणी नुसतं पडून राहतं. त्यातलं क्लोरीन कमी होत जातं आणि कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. शॉवरच्या तुषारांबरोबर ते छातीत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आठवड्यातून दोनदा मी सगळे नळ, सगळे शॉवर सोडत फिरायचे. खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क, आणि तुषार उडू नयेत म्हणून शॉवरला पिशवी बांधलेली. मोरीच्या जाळीतही पाणी ओतायचं, नाहीतर खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. पहिल्या दिवशी बारा नळ एकदम सोडून बाहेर आले, तर आतून थेट सकाळी सातचा आवाज यायला लागला. दात घासायला झुंबड उडते ना, तेव्हाचा. मी दारातच उभी राहिले. पाणी किती वेळ सोडायचं ते घड्याळ लावून ठरवलं होतं, पण त्या दिवशी जरा जास्तच वाहू दिलं.

लाइफ जॅकेटं एकेक करून पाण्यात तपासली, तंबूंची बुरशी काढली, गाद्या उन्हात टाकल्या. ते सगळं तुला माहीतच आहे.

उन्हाळा खरा गेला तो दोरांत. चढाईच्या भिंतीचा दोर नुसत्या डोळ्यांनी तपासून भागत नाही, बोटं लागतात. एका टोकापासून वीत-वीत करत तो चिमटीतून सरकवायचा. कुठे मऊ पडलाय, कुठे चपटा झालाय, वरच्या विणीखालचा गाभा कुठे पोकळ लागतोय, हे बोटांनाच समजतं. शंका आली की तिथे वाकवून बघायचा. चांगला दोर गोल वळतो. गाभा दुखावलेला असेल तर तिथे कोन पडतो. मी आणि भिंतीवर शिकवणारा दादा दोन टोकांना बसायचो, मधे दोर आणि त्या सालातलं ते ठरलेलं अंतर. एका दोराला सकाळ जायची. एवढ्या सावकाशीने मी ते काम याआधी कधीच केलं नव्हतं.

आणि दोराचं वय वापरला नाही तरी सरतं, हे तुला ठाऊक आहे का? बहुतेक उत्पादक अशा सामानाला बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात, मग ते कपाटात का पडून असेना. २०१० साली बनलेले आपले दोन दोर यंदा बाद झाले. कुणी चुकून वापरू नये म्हणून बाद दोराचे तुकडे करायचे असतात. दादाने कात्री हातात घेतली आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. शेवटच्या हंगामात एकाही मुलाचा भार त्यांच्यावर पडला नव्हता.

स्वयंपाकघरातल्या मावशींचा हात दीडशे ताटांचा. सहा जणांचं माप त्यांना महिनाभर सापडलं नाही. संध्याकाळी आम्ही सहा टेबलांवर सहा जणं जेवायला बसायचो. शेकोटीच्या गोष्टी कॅमेऱ्यासमोर सांगून मुलांना पाठवायचंही करून पाहिलं. गोष्टी सांगणारे काका तिसऱ्या दिवशी म्हणाले, "समोर तोंडं नसली की कुठे थांबायचं ते समजत नाही." मग ते बंदच केलं.

ज्या चौतीस जणांना यंदा कामाला येऊ नका म्हणून फोन गेले, त्यांचं मात्र मनाला फार लागलं. त्यातली निम्मी मुलं या कमाईवर कॉलेजची फी भरतात. त्यांना निदान अर्धं मानधन द्यायला हवं होतं. मी बैठकीत तसं म्हटलं होतं आणि आजही माझं तेच म्हणणं आहे.

आता तू पाठवलेल्या बातमीबद्दल. अमेरिकेत मेन राज्यात चार निवासी शिबिरं झाली, १,०२२ जणं होती, लागण फक्त तिघांना, आणि ती पुढे पसरली नाही. म्हणजे जमतं, असं तुझं म्हणणं. जमतं, मी नाकारत नाही. पण त्यांनी येण्याआधी विलगीकरण केलं, चाचण्या केल्या, आल्यावर पुन्हा केल्या, मुलांचे गट वेगवेगळे ठेवले. आम्ही निर्णय घेतला तेव्हा चाचणीचा निकाल किती दिवसांत येईल, हेसुद्धा कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

आणि त्याच उन्हाळ्यातलं जॉर्जिया राज्यातलं शिबिरही बघ. येण्याआधी चाचणी तिथेही सक्तीची होती. मास्क कर्मचाऱ्यांना होते, मुलांना सक्ती नव्हती. २२ जूनच्या संध्याकाळी एका किशोरवयीन कर्मचाऱ्याला हुडहुडी भरली, २३ला ते लेकरू घरी गेलं. २७ जूनला शिबिर बंद. तिथे जॉर्जियातलेच होते ५९७ जण. ज्या ३४४ जणांचे चाचणीचे निकाल हाती आले, त्यांतले २६० बाधित निघाले. अहवालात रोजच्या मोठ्याने गाण्याचा आणि आरोळ्यांचा उल्लेख आहे. चिऊ, घसा बसेपर्यंत गाणी म्हटली नाहीत असा एक तरी दिवस तुला आपल्या शिबिरातला आठवतो का?

ते लेकरू माझ्या डोक्यातून जात नाही. तुझ्याच वयाचं असणार. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या जागी तू असतीस, पहिल्या वर्षाची ताई, आणि तुझ्या गटातली पोरं एकामागून एक तापाने फणफणली असती, तर ते ओझं तू किती वर्षं वागवलं असतंस, हे मला आई म्हणून माहीत आहे. तुझा हंगाम बुडाला याचं दुःख मला आहे. निर्णयाचं नाही.

आता ये-जा सुरू झाली आहे, तर पुढच्या शनिवारी मास्क लावून ये. राहिलेले दोर धुवायचे आहेत, सौम्य साबणाने. वाळवायचे सावलीत, उन्हाने नायलॉन कमकुवत होतो. मग तपासणी. दोराच्या तपासणीच्या कार्डावर आपण दोन सह्या घेतो. माझी मी करेन, दुसरी तुझी. नखं कापून ये, विणीतले धागे अडकतात.

तुझी,
आई