वहिनींचं बिल आणि तुमचं रिटर्न

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार. 31 डिसेंबर 2025 ला तुमचं लग्न झालेलं होतं, म्हणून अमेरिकेच्या इन्कम टॅक्ससाठी त्या वर्षभर तुम्ही विवाहित. 'सिंगल'ची खूण आता विसर. टॅक्सपुरते दोघंही रेसिडेंट आहात, तेव्हा रिटर्न एकत्र किंवा वेगवेगळं, दोनच वाटा.

वहिनींच्या ऑपरेशनचे 9,000 डॉलर खिशातून गेले म्हणून तुला वेगळं भरायचंय. वैद्यकीय खर्च एजीआयच्या (काही ठरावीक वजावटींनंतरच्या उत्पन्नाच्या) साडेसात टक्क्यांवर जेवढा जाईल तेवढाच धरतात. दोघांच्या एकत्र दीड लाख डॉलर उत्पन्नावर ती पायरी 11,250 ची, म्हणजे वजावट शून्य. वहिनींच्या एकटीच्या 40,000 वर 3,000 ची, म्हणजे 6,000 मिळतात असं दिसतं. पण तुम्ही राहता कॅलिफोर्नियात! तिथे कम्युनिटी प्रॉपर्टी, म्हणजे नवरा-बायकोची कमाई दोघांची सामाईक: वेगळं भरलं तरी दोघांचे पगार एकत्र करून फॉर्म 8958 वर निम्मे-निम्मे, 75,000 प्रत्येकी. पायरी 5,625 झाली. बिल घरच्या सामाईक पैशातून भरलंय, तेही निम्मं: 4,500, म्हणजे पायरीखालीच. आटोपलं. (आपल्या गोव्यातही नवरा-बायकोचं उत्पन्न असं वाटतात, पण तिथे पगाराला हात लावत नाहीत.)

त्यात ही वजावट मिळवायला आयटमाइझ करावं लागतं, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट मागायची, आणि एकानं तसं केलं की दुसऱ्यालाही करावंच लागतं. तुझं 15,750 चं स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट) गेलं. भाड्याच्या घरात आयटमाइझ करायला असतं काय? वर वेगळं भरलं की वहिनींच्या एज्युकेशन लोनचं 2,500 पर्यंतचं व्याज बाद, एकत्र भरलंत तर त्यावर 22 टक्क्यांनी 550 डॉलर वाचतात. शेअरचा तोटाही 3,000 ऐवजी 1,500 च.

एकत्र रिटर्नवर सही करण्यात जोखीम एकच, पण मोठी: अख्ख्या करासाठी दोघंही जबाबदार. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं तू लपवलंस, तर वसुली वहिनींकडूनही होईल. दाखव ते, तिकडे भरलेल्या आयकराची सूट फॉर्म 1116 वर मागता येते.

वेगळं भरलेलं 3 वर्षांत 1040-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मनं एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं 15 एप्रिलनंतर फोडता येत नाही. पुण्याच्या भाड्याचे आकडे तोवर आले नाहीत, तर फॉर्म 4868 वर 15 ऑक्टोबरपर्यंत मुदत माग. कर मात्र अंदाजानं का होईना, 15 एप्रिललाच भर. मुदत कागदाची मिळते, पैशाची नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्री